देवमाशाचं बिऱ्हाड

या मित्रांनो, असे जवळ सरका. टोप्यांच्या कानपट्ट्या जरा वर करा, कारण माझा आवाज जमिनीखालून येतो आणि हल्ली तो थोडा ओलसरही झालाय. मी तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहे. तिच्यात एक देवमासा आहे, एक नणंद आहे आणि एक अशी बाई आहे की तिला पाहून माझ्यासारख्या मातीच्या पोकळीलाही हात जोडावेसे वाटले.

मी एक जुनं पेव आहे. धान्याचं नव्हे, या उत्तर टोकाच्या किनाऱ्यावर कणसं कुठली उगवायला! आम्हा इनुपियाक लोकांचं शेत म्हणजे समुद्र आणि त्याचं पीक म्हणजे देवमासा. ते पीक साठवायला मी. वर लाकडी झाकण, त्याखाली शिडीने उतरायची विहिरीसारखी अरुंद वाट आणि तळाशी माणूस वाकून उभा राहील एवढी खोली. ना वीज, ना यंत्र. भर उन्हाळ्यात, सूर्य मावळायचं विसरतो त्या दिवसांतसुद्धा, माझ्या पोटात मांस दगडासारखं गोठलेलं राहायचं.

मला अक्पिक आजोबांनी खणलं. खणलं कसलं, फोडलं म्हणा. आमच्याकडची जमीन उन्हाळ्यात वरवर हातभर मऊ होते. खाली सगळी कायमची गोठलेली. पहार मारली की ठिणगी उडायची. आजोबा गावच्या चर्चमध्ये प्रवचन करायचे. दोन वाक्यं बोलायची आणि तिसरं गायचं ही त्यांची रीत. ते गाऊ लागले की बाकांवरची माणसं आपोआप सूर उचलून धरायची. माझ्या पोटात उतरले तेव्हाही पहारीच्या घावागणिक त्यांनी एकच पद धरलं होतं: ‘तुझीच रे ठेव, आम्ही राखणदार.’ मी अजून पुरता खोल गेलोही नव्हतो, तोवर ते पद माझ्या भिंतीत मुरलं.

खणताना त्यांना माझ्या भिंतीत गवत सापडलं. चपटं झालेलं, तपकिरी, मुळांसकट. या किनाऱ्यावर माणसाचं पाऊल उमटण्याच्याही आधीचं. ते कुजायला निघालं होतं, तेवढ्यात थंडीने त्याला ‘थांब’ म्हटलं. ते जे थांबलं, ते थांबलंच. आजोबांनी कंदील जवळ नेऊन ते पाहिलं आणि म्हणाले, “देवाने आपली ठेव इथे आधीच ठेवलीय की! आपण आपले मागाहून आलेले भाडेकरू.”

मग माझी कामाची वर्षं सुरू झाली. काय दिवस होते ते! छताला बर्फाची पांढरी फुलं लगडलेली असायची, कुणी श्वास सोडला तरी त्यातली दोन गळायची. माझ्या पोटात मुरलेल्या मांसाची चव गावात कुणाच्याही मांसाला नव्हती, असं लोक म्हणत. मी ऐकून फुगत असे. पेवाने फुगू नये, हे खरं, पण फुगत असे.

आमच्याकडे एक रीत आहे. दर वसंतात, माणसं नावा ओढत समुद्राच्या बर्फावर शिकारीला जायच्या आधी, पेव रिकामं करायचं. उरलेलं मांस म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरी पोचवायचं. मग भिंती खरवडायच्या, तळ झाडायचा आणि वर ताजं बर्फ अंथरायचं. कारण देवमासा दूर पाण्यातून बघत असतो. ज्या घरचं पेव स्वच्छ, त्या घरच्या नावेला तो आपण होऊन देह देतो. पाहुणाच तो. आपलं बिऱ्हाड कुठे पडणार, हे त्याला आधी बघायला नको?

हे काम नावेच्या धन्याच्या बायकोचं. आजोबांचा नातू एनॉक धनी झाला आणि त्याची बायको डॉर्कस खराटा घेऊन माझ्यात उतरली. अंगाने किरकोळ, पण कोपऱ्यात अशी घुसायची की मलाच गुदगुल्या व्हायच्या. वर झाकणाशी एनॉकची थोरली बहीण, युनिस, कमरेवर हात ठेवून उभी.

“अगं डॉर्कस, तिथे देवमासा राहायला यायचाय. मोठे पाद्री नव्हेत!”

“वन्सं, पाद्री काय, एक रात्र राहून जातील,” खालून उत्तर जायचं. “याला वर्ष काढायचंय.”

“एवढी घासशील तर भोक पडेल जमिनीला.”

“मग तुमच्याच स्वयंपाकघरात निघेन. चहा टाकून ठेवा.”

अशी त्या दोघींची दर वसंतातली भांडणं. मला तर ती चर्चमधल्या गाण्याइतकीच गोड वाटायची.

मित्रांनो, पुढे एका उन्हाळ्यात माझ्या छतावरून एक थेंब पडला. एवढासाच. डॉर्कसने तो बोटाने टिपला. दुसऱ्या उन्हाळ्यात भिंत पाझरू लागली. हिवाळे उशिरा येऊ लागले, लवकर परत जाऊ लागले. युनिसचं पेव तर एका पावसात बसलंच. तिने विजेवर चालणाऱ्या गोठणपेट्या आणल्या आणि त्यातलं मांस कोरडं लागतं म्हणून त्यांना रोज शिव्या दिल्या.

युनिसची मुलगी नोरा गावातल्या अभ्यासकेंद्रात काम करते. जमिनीत नळ्या घालून तिचा ताप मोजते, दवाखान्यातल्या नर्ससारखी. एकदा माझ्यात उतरली. डॉर्कसने भिंतीतलं ते जुनं गवत तिला दाखवलं. ते आता मऊ पडलं होतं, आणि त्याला वास येत होता.

“मामी, हे इतकी वर्षं गोठलेलं होतं म्हणून टिकलं,” नोरा म्हणाली. “आता ऊब मिळाली, तर सडायला लागलंय. सडताना त्यातून वायू सुटतो. तो वर जाऊन आभाळावर रजईसारखा पसरतो. रजईखाली आणखी गरम होतं, मग आणखी जमीन वितळते, मग आणखी गवत सडतं.”

“मग ही रजई आधी कुणी घातली?”

“कोळसा, तेल जाळणाऱ्यांनी. सगळ्या जगाने मिळून. आपणही थोडी ओढलीच आहे. आपल्या बर्फगाड्या काय समुद्राच्या पाण्यावर चालतात?”

डॉर्कसने भिंतीवर तळवा टेकला. “म्हणजे मी आपलं मांस राखत होते,” ती म्हणाली, “आणि ही अख्खी जमीन म्हणजे त्याहून मोठं पेव. याचं दार उघडं राहिलंय.”

पुढच्या वसंतात एनॉक तिला म्हणाला, “या वर्षी उतरू नकोस. भिंत अंगावर आली तर?”

“मग देवमाशाला काय सांगू? पत्ता बदलला म्हणून?” ती म्हणाली आणि उतरली. पाणी उपसलं, चिखल खरवडला, बादल्या भरभरून ताजं बर्फ आणून माझा तळ पांढराशुभ्र केला. त्या वर्षी मी नव्या नवरीसारखा दिसत होतो, मित्रांनो. आतून मात्र मी पाझरत होतो, हे तिला ठाऊक होतं आणि मला.

आणि देवमासा आला! घराघरातल्या दुतर्फा बोलायच्या रेडिओवर एनॉकचा आवाज उमटला, आधी प्रार्थना, मग नुसती आनंदाची आरोळी. सगळा गाव बर्फावर धावला. दोर ओढले, वाटे पडले. धन्याचा वाटा माझ्यात उतरला. त्याला धन्याचा म्हणतात एवढंच. तो असतो जूनमधल्या मोठ्या सणाचा. त्या दिवशी अख्खा गाव पंगतीला बसतो आणि धनी नि त्याची बायको सगळ्यांना वाढतात. तोवर तो जपायचा, हीच त्यांची खरी धन्यता.

सण आठवड्यावर आला आणि पाऊस लागला. आमच्याकडे असा पाऊस म्हाताऱ्यांनीही पाहिला नव्हता. माझ्या तळात पाणी चढू लागलं.

डॉर्कस एकटीच उतरे आणि उपसत राही. कुणाला सांगितलं नाही तिने, एनॉकलाही नाही. पाहुणा घरात आहे तोवर घराला नावं ठेवायची नाहीत, तो ऐकतो. असं आमच्यात मानतात, आणि तिने ते फारच मनावर घेतलं. मी ओरडून सांगत होतो, बाई, हे एकटीचं काम नव्हे! पण मला तोंड म्हणून आहे ते झाकण, आणि ते तीच उघडत होती.

रविवारी चर्चमधून निघताना युनिस तिच्या शेजारून गेली आणि थबकली. नाक वर केलं. खाली वाकून तिच्या बुटांकडे पाहिलं.

“डॉर्कस, तुझ्या बुटांना माझ्या पेवाचा वास येतोय.”

डॉर्कसने पाय मागे घेतले.

“तोच. बसायच्या आधी येत होता तो. किती पाणी आहे खाली?”

“वन्सं, हळू बोला ना. तो ऐकेल.”

“ऐकू दे! त्याला काय वाटेल, एवढा मोठा जीव दिला आणि ही बया लाजत बसली?” आणि मग एकदम तिचा आवाज खाली आला. “वेडे, माझं बसलं तेव्हा मी पण कुणाला सांगितलं नव्हतं.”

घरी जाऊन युनिसने रेडिओ हातात घेतला. “अक्पिकांच्या पेवात पाणी भरलंय. ज्याच्या गोठणपेटीत हाताएवढी जागा असेल त्याने यावं. नसेल त्यानेही यावं, हात तर असतीलच!”

मित्रांनो, त्या दिवशी जे मी पाहिलं ते कुठल्या प्रवचनात ऐकलं नाही. तळाशी गुडघाभर पाण्यात डॉर्कस आणि एनॉक, शिडीवर तरणी माणसं, वर पावसात रांग. हातातून हातात मांसाचे तुकडे चाललेले. कुणीतरी आजोबांचं पद धरलं. वरच्याने म्हणायचं, खालच्याने झेलायचं. ‘तुझीच रे ठेव, आम्ही राखणदार.’ माझी भिंत ढासळत होती आणि मी गात होतो.

अगदी तळाचा थर मात्र गेला. तो मला राखता आला नाही.

सणाच्या दिवशी प्रत्येक घर आपल्याकडचा वाटा घेऊन आलं. ज्यांच्याकडे जेमतेम होतं त्यांनीही तळाच्या थराची तूट भरायला गुपचूप स्वतःचं थोडं वर घातलं. सगळ्यांची ताटं भरली. मोठ्यांनी ताणून धरलेल्या नावेच्या कातड्यावरून पोरं आभाळात उसळ्या मारत होती. पंगत उठल्यावर डॉर्कसने नासलेलं मांस गाडीवर घातलं आणि समुद्राकाठी नेलं. युनिस बरोबर होती. तिनेच मग माझ्या झाकणाशी बसून नोराला सांगितलं म्हणून मला कळलं. पाण्यात ते सोडताना डॉर्कस देवमाशाला म्हणाली, “घर गळकं होतं रे. माणसं वाईट नव्हती.”

आता मी निकामी झालोय. एक भिंत बसली आहे, दुसरी बसेल. एनॉकने झाकणाला ठोकायला खिळे आणले. पण वसंत आला, आणि खिळे ठोकायच्या आधी शिडीवर ओळखीचे बूट दिसले. हातात खराटा.

“आता कुणासाठी झाडतेस?” वरून युनिस म्हणाली. “मांस तर पेट्यांत जाणार.”

“तो आधी इथेच बघतो, वन्सं.”

वर युनिसने बाह्या सारल्या. मग शिडी कुरकुरली, आणि युनिस धापा टाकत खाली उतरली. “सरक तिकडे. कोपरे तुला कधी जमलेच नाहीत.”

दोघींनी मिळून माझ्या उरलेल्या तळावर ताजं बर्फ अंथरलं.

मित्रांनो, माझ्या भिंतीतून जो श्वास सुटून गेला तो आता परत येणार नाही. तो तुमच्याही आभाळात फिरत असेल. पण माझ्यासारखी जमीन कोसच्या कोस अजून गोठलेली आहे, अजून ठेव सांभाळून आहे. तिचं दार लोटून घेणं माझ्या हातात नाही. तुमच्या हातात थोडं आहे. रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला, पायी जाण्याजोग्या वाटेवर गाडी काढावीशी वाटली, तर क्षणभर थांबा. आणि त्या क्षणी, ज्या घरात आता कुणी राहायला येणार नाही ते घर पाहुण्यासाठी झाडणाऱ्या डॉर्कसची आठवण ठेवा.