फेलिमला बंदरावर नेलं तेव्हा

मिसरूड फुटायच्या आत गिडियन हारलंड इंग्लंडातल्या व्हिटबी बंदराच्या कोळशाच्या जहाजावर चढला. पुढे देवमाशांच्या शिकारीला गेला, सिडनीकडे मेंढरं कातरली, पुन्हा जहाज धरलं. त्या जहाजावरच्या दुय्यम कप्तानानं दोरखंडानं त्याची पाठ सोलून काढली. न्यूझीलंडच्या बंदराला लागल्यावर गिडियन पाणी भरायला म्हणून उतरला आणि रानात पसार झाला.

रानात लाकूडतोड्यांच्या छावणीत कौरीच्या प्रचंड झाडांचे ओंडके चिरायचं काम मिळालं. खड्ड्यावर ओंडका आडवा. वर फेलिम डगन, खाली गिडियन, मधे लांबलचक करवत. फेलिम वयानं मोठा, आयरिश, फाटक्या तोंडाचा. गिडियननं भुशानं भरलेले डोळे चोळले की वरून ओरडायचा, "रडतोस काय लेका, आईची आठवण आली?"

"तुझं थोबाड दिसतंय ना वर, म्हणून रडतोय."

एके दिवशी उतारावरून ओंडका सुटला आणि फेलिमची मांडी चिरडून गेला. डॉक्टर होता बंदरावर, नदीतून होडीनं जायची वाट, आणि गिडियन पळाला ते जहाज डोलकाठीच्या दुरुस्तीसाठी अजून तिथंच उभं होतं.

"तू येऊ नकोस," फेलिम कळ सोसत म्हणाला. "दिसलास की धरतील."

"मग नदीच्या मुखाशी होडी कोण सांभाळणार? हे लाकूडतोडे? बुडवतील तुला."

लाटा खरंच अंगावर येत होत्या. गिडियननं होडी पार काढली, फेलिमला पाठुंगळी घेऊन डॉक्टरच्या दारात नेलं. परतताना धक्क्यावर दुय्यम कप्तान उभाच होता. गिडियन पळाला नाही. पळायचं बळच उरलं नव्हतं.

जहाज सोडून पळाल्याबद्दल त्याला कैद झाली; तुरुंगात त्यानं रस्त्यासाठी खडी फोडली. दुरुस्ती उरकताच जहाज त्याला मागे टाकून निघून गेलं. सुटल्यावर तो थेट दवाखान्यात गेला. फेलिम कुबडीवर उभा होता, एक पाय मांडीपासून कापलेला.

"बघतोस काय? आता जोडे निम्म्या किमतीत पडतील," फेलिम म्हणाला. मग आवाज उतरला. "सिडनीला निघाला असशील."

"नाही. छावणीला आचारी हवाय म्हणतात."

"मला साधा चहा येत नाही!"

"येत नाहीच. पण खारं डुकराचं मांस बिघडवून बिघडवून किती बिघडवशील?"

फेलिम खूप दिवसांनी हसला. गिडियननं त्याचं गाठोडं खांद्यावर टाकलं आणि दोघं हळूहळू होडीकडे निघाले.