गिऱ्हाइकासाठी सारवण

आमच्या घराला गिऱ्हाईक मिळेना, म्हणून इंद्रजितने मला ते नवं घर जुनं करायला लावलं.

इंद्रजित आमच्या कोळवणातलाच. जमिनी, फार्महाउसं, घरं, काय म्हणाल ते विकून देतो आणि पांढरे बूट घालून बांधावरून हिंडतो. लहानपणी माझ्या अंगणवाडीत नाक पुसायला माझा पदर ओढायचा, त्यामुळे त्याचा रुबाब माझ्यापुढे चालत नाही. तरी त्या दिवशी माझ्याच ओट्यावर पाय सोडून बसला आणि मलाच शिकवू लागला.

"काकी, एवढी मान्सं घर बघून गेली, एकाचा तरी परत फोन आला का? पुण्याच्या मान्सानं फरशी बघायला हितं कशाला यायचं? फरशी त्याच्या घरी हाय. त्याला गावाकडचं घर पायजे."

"मग हे काय मुंबईतलं हाय व्हय रे?"

"तसं न्हाई. फरशी काढू. वरचं पीओपी काढू. भुई करा, सारवा, कोपऱ्यात चूल मांडा. मग बघा कसं जातंय."

मी साहिलकडे बघितलं. माझा एकुलता एक लेक, हिंजवडीत नोकरीला. तो मान खाली घालून मोबाइल चाळत होता, म्हणजे दोघांचं आधीच ठरलं होतं. साहिल आणि सून दिशा दोघंही दिवसभर कामावर, आणि माझी नात आरोही पाळणाघरात रडून रडून आजारी पडते. घर विकून त्यांनी मोठा फ्लॅट घ्यायचा, मी तिथे जाऊन नातीला सांभाळायचं, असा बेत होता. घर माझ्या नावावर. तेव्हा शेवटचा शब्द तुझाच, असं साहिल येता-जाता म्हणायचा. मीही मान हलवायचे. पण खरं सांगते, माझा पाय निघत नव्हता. हे गेल्यापासून त्यांचं म्हणावं असं माझ्याजवळ हे घर तेवढं उरलं होतं.

फरशी ह्यांनीच घातलेली, उरवड्याच्या कारखान्यात राबून. हट्ट माझा होता. आठवड्याला शेणात हात घालायचा मला कंटाळा आला होता. फरशी बसली त्या दिवशी मी उगीचच या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अनवाणी चालत राहिले. "आगं, आजच झिजवतीस का काय?" असं हे म्हणाले होते. त्या फरशीवर गड्यांनी पहार घातली, तेव्हा मी शेजारी गंगूबाईकडे जाऊन बसले. आवाज तिथेही येत होता.

मग मुरूम पडला, भुई चोपून झाली, भिंतींना चुना लागला. टीव्ही गंगूबाईकडे गेला. इंद्रजितने कुठून तरी बैलगाडीचं चाक आणलं आणि ओट्याला टेकवून ठेवलं. आमच्या सात पिढ्यांत कुणाकडे बैलगाडी नव्हती. मी तसं म्हटलं, तर म्हणतो, "गिऱ्हाईक काय पिढ्या मोजतंय का?"

रविवारी दुपारी कोथरूडचं एक जोडपं बघायला येणार होतं. सकाळी मी गंगूबाईच्या गोठ्यातून बादलीभर शेण आणलं. "फरशीवाली बाई, आलीस का पुन्हा शेनात?" ती म्हणाली. मी म्हटलं, "आले बाई." तिला हसू आलं, मलाही आलं.

शेणात हात घातला आणि अंगावर काटाच आला. वाटलं होतं, जमणार नाही आता. पण हाताला कुठे काय सांगावं लागलं? पुढच्या दारापासून सुरुवात केली. उकिडवं बसायचं, हात लांबवून फिरवायचा आणि एकेक पाऊल मागे सरकत जायचं. भात झोडून झालं होतं, बाहेरून पेंढ्याचा वास येत होता आणि आत ओल्या शेणाचा. घर हळूहळू माझ्यासमोर पहिल्यासारखं होत गेलं. याच भुईवर मी नवी नवरी म्हणून जेवायला बसले होते. इथेच साहिल रांगला होता. सारवता सारवता मी गुणगुणायला लागले. कित्येक महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

शेवटचा हात फिरवला आणि सवयीने टाच मागे नेली, उंबरा चाचपायला. उंबऱ्याच्या जागी भिंत लागली.

मागचं दार होतंच कुठे? टीव्हीला भिंत हवी म्हणून फरशीबरोबरच विटा लावून बुजवून घेतलं होतं. माझ्या हाताला जुनं घर आठवलं, बुजवलेलं दार तेवढं आठवलं नाही. पूर्वी सारवून झालं की मी त्या दारातून मागच्या अंगणात उतरायचे. शेणाने भरलेले हात पुढे धरायचे आणि हे तांब्याने त्यावर पाणी घालायचे. आत्तासुद्धा मी वळून दोन्ही हात पुढे केले होते. समोर नुसता पांढरा चुना. मला रडू फुटलं. मोठ्याने रडले, ऐकायला होतं कोण?

पुढे सगळी ओली भुई आणि मागे भिंत. मधे मी आणि बादली. तेवढ्यात गाडी वाजली.

"काकी!" इंद्रजित पुढच्या दारात येऊन बघतच राहिला. "तुमी तितं काय करताय?"

"बसलीय. आत पाय टाकशील तर बघ!"

त्याच्यामागून ते जोडपं आलं, साहिल आला. बाई साहिलच्याच वयाची. तिने दारातूनच दोन्ही हात गालांवर ठेवले. "किती सुंदर! आजी, तुम्ही अडकलात का?"

"मागं दार हाय असं वाटलं. पूर्वी व्हतं."

ती नवऱ्याकडे वळली. "खरंच रे, मागे दार हवं. समोरासमोर वारा येईल. घेतलं तर पहिल्यांदा ही भिंत फोडू." मग मला म्हणाली, "नेमकं कुठे होतं, आजी?"

मी उठले. शेणाचा हात पांढऱ्या भिंतीवर ठेवला, मग दोन हात सरकून दुसरा ठेवला. "हितनं हितपतोर."

दोघं इंग्रजीत काहीतरी बोलले, हसले. इंद्रजितने साहिलला कोपर मारलं. साहिल दारातून म्हणाला, "आई, त्यांना पसंत हाय. देऊ का शब्द?"

नाही म्हटलं असतं तर कुणी मला काही बोललं नसतं. उद्या गडी लावून मीही ते दार फोडून घेतलं असतं. पण दाराबाहेर तांब्या घेऊन उभं राहायला माणूस कुठून आणणार होते मी? त्या पोरीकडे होता तिचा माणूस, शेजारीच उभा होता. आणि माझी आरोही तिकडे रोज पाळणाघरात रडत होती.

"दे," मी म्हटलं.

सगळे गंगूबाईकडे चहाला गेले. मी भिंतीला टेकून बसले. दाराकडून भुई वाळू लागली. ओल हळूहळू मागे सरत माझ्या पायांपर्यंत आली, आणि मग तीही गेली.

साहिल परत आला. वाकून त्याने दाराजवळ तळवा टेकवला, आणखी थोडं आत येऊन पुन्हा टेकवला. "आई, वाळलं की सगळं. ये आता, मान्सं थांबल्यात."

"ओलं हाय अजून," मी म्हटलं आणि पाय पोटाशी घेऊन तिथेच बसून राहिले.