आधी वेढा

मावशी कामाला जाताना दाराला बाहेरून कुलूप ठोकायची. शेजारीण विचारायची, "आत काय खुडबुडतंय गं?" मावशी म्हणायची, "काय असणार? उंदीर!" आत तिच्या मेलेल्या बहिणीची पोर असायची. मावशीला लग्न करायचं होतं, पदरात पोर दिसली असती तर कोण पुढे आला असता? म्हणून पोरगी लपवलेली. ती भिंतीला कान लावून बसायची आणि उंदरासारखीच गप्प राहायची.

अशी पोर मोठी होऊन काय बोलकी होणार, कप्पाळ! सर्कशीत आली तेव्हा चांगली विशीची घोडी होती, पण तोंड बंद ते बंद. विदूषकाने पहिल्याच दिवशी नाव पाडलं, कुलूप. त्या बापड्याला मावशीचं दार कुठे माहीत होतं?

आधी तिने घोड्यांची लीद उपसली. मग झुल्यावरच्या आक्काचा दोर धरणारा म्हातारा मेला, तेव्हा आक्काने हिच्याकडे बोट दाखवलं. "ही धरेल. टकळी चालवत नाही, डोळे मात्र चालवते."

खाली जाळी नव्हती, होता तो दोर. एक टोक आक्काच्या पट्ट्याला, तिथून वरच्या कप्पीवरून दोर खाली यायचा तो कुलपाच्या हातात. आक्का उंच फळीवर उभी राहून ओरडायची, "आहेस?" खालच्या माणसाने आधी दोराचा कंबरेला वेढा घ्यायचा, पाय रोवायचे, आणि मगच म्हणायचं, "आहे." त्याशिवाय आक्का उडायची नाही. खाली वाकून बघायचीही नाही.

पहिल्यांदा ती हाक आली तेव्हा कुलपाने मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला तर विचारत नाही ना? हे तिला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. पुढेपुढे ती सकाळी डोळे उघडायची तेच त्या हाकेसाठी.

आणि तिथेच माती खाल्ली.

त्या दुपारी तंबू अर्धा रिकामा होता. आक्काने हाक मारली, "आहेस?" आणि कुलपाच्या तोंडून "आहे" सुटलंसुद्धा. वेढा घ्यायचा राहिलाच होता. आक्का उडाली, झुल्याचा दांडा हातातून निसटला, आणि दोर कुलपाच्या उघड्या पंजांतून सरसर धावला. कातडी सोलत गेला. तिने सोडला नाही, पण एवढं वजन नुसत्या हातांनी थोडंच थांबतंय? आक्का आदळली. जीव वाचला, घोट्याचा मात्र चुरा झाला.

मालक म्हणाला, "हाकला हिला." पण फडकी गुंडाळलेले हात घेऊन ती पाण्याच्या पिंपामागे बसून राहिली. विदूषक जेवण आणून ठेवायचा. "गिळ. हाकलायचंय म्हणून उपाशी मारायचं थोडंच ठरलंय?"

आक्का लंगडत परत आली तोवर मालकाने दोर घोडेवाल्याला दिला होता.

"दोर कुलूप धरेल," आक्का म्हणाली.

"अगं बाई, तिने मारली असती तुला!"

"मारलीच असती. पण पडताना मला कळत होतं, खालून कुणीतरी ओढतंय. हा तुमचा पठ्ठ्या हात भाजला की दोर टाकून पळेल."

मग ती पिंपामागे गेली. "ऐक गं. परत घाई केलीस तर मी मरेन. आणि हे कपाळावर घेऊन तू जगशील. चल, ऊठ."

पहिल्याच खेळाला आक्का वर चढली ती निम्मी हातांच्याच जोरावर. "आहेस?"

कुलपाचं सगळं अंग त्या हाकेकडे धावलं. तिने ओठ दातांखाली धरले. बोटं नीट मिटत नव्हती. दोर कंबरेवरून घसरला, तिने परत उचलला, परत घसरला.

"अगं आहेस की मेलीस?"

पुढच्या रांगेतल्या कुणीतरी शिट्टी मारली. मालक दात खात तिच्याकडे निघाला.

"थांब," कुलूप ओरडली. आवाज फाटका, पण मालकही जागच्या जागी थांबला.

वर आक्का एका पायावर थरथरत उभी होती. उभीच राहिली. कुलपाने कोपराने दोर मागे ढकलला, पाठीवरून पुढे ओढून घेतला, टाचा मातीत रुतवल्या. एक हिसका देऊन पाहिला. वर पट्टा ताणला गेला.

"आता आहे," ती म्हणाली.