पोकलेनचं पिल्लू

ट्रकवाल्याने लाकडी खोकं रस्त्याच्या कडेला उतरवलं, सिस्टरची सही घेतली आणि वर टेकाडावरच्या घराकडे एक नजर टाकून म्हणाला, "हे वर कसं नेणार, बाई?"

"ते आपल्या पायांनी चालत जाईल," सिस्टर म्हणाली.

ट्रकवाला हसला. सिस्टर हसली नाही, कारण ती खरं तेच बोलत होती. खोक्यात रबरी पट्ट्यांवर चालणारं, जेमतेम तीन फूट रुंदीचं, खोदाईचं छोटं यंत्र होतं. परदेशातून बोटीने आलेलं, स्वस्तातलं आणि भडक पिवळं. तिने ते फोनवर चित्र बघून मागवलं होतं, घरात कुणालाही न विचारता.

सिस्टर म्हणजे इस्पितळातली नर्स. नोकरी संपून दोन वर्षं झाली होती, पण सगळ्या वस्तीला ती अजून सिस्टरच होती. तिला घरच्या नावाने ठकी म्हणणारी माणसं दोनच उरली होती, आई आणि थोरला भाऊ. आई तिच्याजवळ राहायची आणि दादाचं घर कुंपणापलीकडे होतं. दादाने चौतीस वर्षं बस चालवली होती, त्यामुळे चाकावर चालणाऱ्या कुठल्याही वस्तूबद्दल शेवटचा शब्द आपलाच, अशी त्याची पक्की समजूत होती. तो खोक्याभोवती एक चक्कर मारून आला.

"पोकलेनचं पिल्लू आणलंस की गं! दूध पितं की पेट्रोल?"

"पेट्रोल. आणि तुझ्यापेक्षा कमी बोलतं."

यंत्राची गरज आईमुळे पडली होती. वर्षापूर्वी ती न्हाणीघरात पडली आणि तिचा खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, हाड सांधलं, वॉकर धरून ती घरभर फिरायलाही लागली. पण घरापासून रस्त्यापर्यंत एकसष्ट दगडी पायऱ्या होत्या आणि त्या उतरणं आता तिच्या आवाक्यातलं नव्हतं. जिला दिवसातून दोनदा रस्त्यावर जाऊन चार माणसांशी बोलल्याशिवाय अन्न गोड लागत नसे, ती आठ महिने खिडकीत बसून होती. "कोण गेलं गं आत्ता? लंगडत होतं का? पिशवी होती का हातात?" असं ती दिवसभर विचारायची. सिस्टर उत्तरं देऊन देऊन थकली होती.

घरामागून वळसा घालून, हळूहळू उतरत जाणारी वाट काढली की आई चालत खाली जाऊ शकेल, हे सिस्टरने दोरी धरून मोजून ठेवलं होतं. मोठं यंत्र घेऊन एक कंत्राटदार आलाही होता. पण मागच्या बाजूला जायची फट एका अंगाला कातळ आणि दुसऱ्या अंगाला पाण्याची टाकी अशी साडेतीन फुटांची. त्याने फट बघितली, टोपी काढून डोकं खाजवलं आणि काखा वर केल्या. मजूर बोलावले तर ते कुदळीने दोन महिने लागतील म्हणाले, आणि परत कधी फिरकलेच नाहीत.

खोकं उघडायला वेल्डरला बोलावलं. तो अबोल माणूस. यंत्राभोवती बसून त्याने एकेका बोल्टला पाना लावून बघितला आणि अर्ध्या तासाने पहिलं वाक्य बोलला. "सिस्टर, यातले निम्मे बोल्ट नुसते पाहुणे आलेत."

सोबतच्या माहितीपुस्तकाचं भाषांतर कुणी केलं होतं देव जाणे. "बोल्ट रोज प्रेमाने आवळा," असं पहिल्याच पानावर होतं. पुढे होतं, "उतारावर यंत्र आनंदाने पडते." आईला ते वाक्य इतकं आवडलं की ती पुस्तक स्वतःजवळच ठेवून बसली आणि दुपारभर मोठ्याने वाचत, एकटीच खुदुखुदु हसत राहिली.

सिस्टरने मात्र यंत्राला नव्याने दाखल झालेल्या पेशंटसारखं वागवलं. सगळे बोल्ट सोडवून पुन्हा आवळले. कारखान्यातून आलेलं गढूळ हायड्रॉलिक ऑइल काढून नवं भरलं. एक रबरी पाइप सांध्याशी पाझरत होता, तो वेल्डरकडून बदलून घेतला, आणि त्यानेच यंत्र पट्ट्यांवर चालवत, पायऱ्यांच्या कडेच्या उतारावरून सावकाश वर अंगणात आणलं. मग कागदावर रेघा मारून तिने तक्ता केला. किती तास चाललं, ग्रीस कधी दिलं, कुठून काय गळलं. तक्ता स्वयंपाकघराच्या दाराला लावला, आईच्या औषधांच्या तक्त्याशेजारी.

खोदाईच्या पहिल्या दिवशी तिने यंत्र सुरू केलं आणि पुस्तकात सांगितल्याप्रमाणे हात वर उचलायला डावा लिव्हर मागे ओढला. यंत्राचा हात जागचा हलला नाही. उलट अख्खं यंत्र गर्रकन फिरलं, आणि कपडे वाळत घालायचा खांब दोन चादरींसकट आडवा झाला.

"आनंदाने पडला गं!" खिडकीतून आई ओरडली.

दादा कुंपणावर कोपरं टेकून उभाच होता. "मी बोललो का काही? मी काहीच बोललो नाही."

पुस्तक चुकीचं आहे हे कळल्यावर सिस्टरने ते बाजूला ठेवलं. एकेक लिव्हर बोटभर हलवून काय होतं ते बघितलं आणि जखमेला लावायच्या चिकटपट्टीचे तुकडे कापून त्यांवर बाण काढून लिव्हरांना चिकटवले. चार दिवसांत तिचा हात बसला. शीर सापडेपर्यंत घाई करायची नाही, सापडली की थांबायचं नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. बकेट जमिनीत घुसायची, माती कुरकुरत सुटायची, आणि उताराच्या पोटात ओट्यासारखी सपाट वाट दिवसाला सहा-सात हात पुढे सरकायची. संध्याकाळी ती घरात यायची तेव्हा खांदे भरून आलेले असायचे, नाकात माती असायची, आणि आपण बासष्ट वर्षांच्या आहोत हे ती साफ विसरलेली असायची.

दादा रोज दहा वाजता चहाचा पेला हातात घेऊन यायचा. आधी कुंपणाबाहेरून, मग कुंपणाच्या आत, मग अगदी यंत्राच्या शेजारी. "डावीकडे घे. जास्त झालं. आता उजवीकडे. बघ, मी म्हटलंच होतं." एका सकाळी त्याने चहा दगडावर ठेवला आणि उगाच हात पुसले.

"मी जरा बघू?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. तिसऱ्या दिवशी तो काही न बोलता नुसताच उभा राहिला, आणि शेवटी आईच खिडकीतून म्हणाली, "अगं, दे त्याला. लहानपणी तुझा भोवरा दिला नाहीस तर तीन दिवस जेवला नव्हता. आता या वयात उपाशी राहिला तर तुलाच निस्तरावं लागेल."

सिस्टर उतरली. दादा चढला. त्याने पाठ ताठ केली, अदृश्य आरशात मागची गाडी बघितल्यासारखं केलं आणि यंत्र चालवायला घेतलं. चालवत होता छानच, नाकारण्यात अर्थ नव्हता. पण सरळ वाटेवर चालवून त्याचं समाधान होईना. खाली कातळाच्या कडेला हिरवंगार गवत होतं, तिथून वळवून आणावं असं त्याच्या मनात आलं.

"दादा, तिकडे नको! तिकडे जमीन..."

पुढचे शब्द इंजिनाच्या आवाजात गेले. गवताखाली चिखल होता. यंत्र आधी एका बाजूने बसलं, मग दुसऱ्या, आणि दोन्ही पट्टे जागच्या जागी फिरत पोटापर्यंत खचलं. दादाने इंजिन बंद केलं. थोडा वेळ तो तसाच बसून राहिला, शेवटच्या थांब्यावर उतारूंची वाट बघत असल्यासारखा.

"जमीन खोटी आहे," तो म्हणाला.

सिस्टरच्या ओठांवर बरंच काही आलं होतं. पण दादाच्या पायजम्यावर गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि तो तिच्याकडे बघत नव्हता. लहानपणी तिची पाटी फोडल्यावर त्याचा चेहरा असाच झाला होता. ती म्हणाली, "आधी उतर तरी."

वेल्डर दोर आणि कप्पी घेऊन आला. दोर झाडाला बांधला, तिघांनी ओढलं. झाड हललं, यंत्र हललं नाही. फळ्या घालाव्यात तर पट्टे इतके रुतलेले की खाली बोटही शिरेना. दुपार टळली. मोठं यंत्र आणून ओढावं म्हटलं तर त्या फटीतून ते येणार कसं? वाट निम्मीच झाली होती. सिस्टरने हात टेकले, म्हणजे अक्षरशः टेकले, ती चिखलाच्या कडेलाच बसली.

मागच्या दारातून वॉकरची टकटक आली. आई उंबऱ्यापर्यंत आली होती.

"एवढी तिघं जणं काय शोक करताय त्याच्याभोवती?"

"आई, रुतलंय ते. निघत नाहीये."

"त्याला हात आहे ना?"

"आहे."

"मग? मी न्हाणीत पडले होते, त्यानंतर मला काय शिकवलंस? कुणी ओढून उठवलं तर पुन्हा पडशील म्हणालीस. हातावर भार टाक, आधी बूड उचल, मग पाय खाली घे. महिनाभर घोकून घेतलंस माझ्याकडून. त्याला का नाही शिकवत?"

वेल्डर म्हणाला, "होईल की."

दादा बाजूला सरकला. "तू बस, ठके. तुझा हात हलका आहे."

सिस्टर चढली. हात लांब केला, बकेट पुढच्या टणक जमिनीवर उताणी टेकवली आणि अगदी सावकाश खाली दाबली. इंजिन कण्हलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग चिखलाने पचकन आवाज करून यंत्राचं पुढचं अंग सोडलं, आणि ते कोपरावर रेलून उठणाऱ्या माणसासारखं हळूहळू वर आलं.

"थांब! तशीच थांब!" दादा पोटावर आडवा झाला आणि फळ्या पट्ट्यांखाली सरकवू लागला. वेल्डर दुसऱ्या बाजूने. मग तिने बकेट लांबवर रोवली, यंत्राला स्वतःच्याच हाताने पुढे खेचलं, थोडं थांबली, पुन्हा खेचलं. चौथ्या खेपेला पट्टे कोरड्या जमिनीवर चढले. दादाने चिखलाने माखलेल्या हातांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टरचा जीव भांड्यात पडला.

"बघा," आई म्हणाली, "आणि मला कुणी विचारतसुद्धा नाही."

त्या दिवसानंतर दादाने सूचना देणं बंद केलं, निदान निम्म्याने कमी केलं. खचलेल्या जागेत पाण्याचा झरा आहे हे उघड झालंच होतं, म्हणून त्याने स्वतः फावडं घेऊन तिथे चर काढला, पाणी बाजूला वळवलं आणि त्यावर दगड बसवले. वाट थोडी वरून न्यावी लागली. सिस्टर खोदायची, दादा दगड रचायचा, आणि तासाभराने जागा बदलायचे. लहानपणानंतर इतका वेळ ती दोघं एकत्र कधी राहिली नव्हती. भांडणं व्हायची ती उताराच्या मापावरून. मध्ये एकदा यंत्राच्या सांध्यातली खीळ मोडली, वेल्डरने तिच्याहून भक्कम नवी करून दिली. रंगाचे पापुद्रे निघाले, बसायची गादी फाटली. तक्ता भरत गेला. तरी पेशंट तगला.

पाच आठवड्यांनी वाट रस्त्याला मिळाली. एकशे चाळीस पावलं, मध्ये तीन ठिकाणी टेकायला दगडी कट्टे.

सिस्टरने इस्पितळातून चाकाची खुर्ची मागून आणली होती. आईने खुर्चीकडे बघून नाक मुरडलं. "ही वाट चालायला केलीस की बसून बघायला?"

"आई, पहिल्या दिवशी तरी..."

"हो बाजूला."

ती वॉकर टाकत निघाली. सिस्टर एका बाजूला, दादा मागे, दोघांचे हात नुसतेच हवेत. पहिल्या कट्ट्यावर आई बसली आणि यंत्राने कापलेल्या मातीचा थर हाताने चाचपून बघितला. दुसऱ्यावर पाणी प्यायली. तिसऱ्यावर बसलीच नाही, कारण तिथून रस्ता दिसत होता आणि रस्त्यावरून शिंपीणबाई चालली होती.

"ए शिंपीण! थांब! कुठे पळतेस?"

शिंपीणबाईने वर बघितलं आणि तिच्या हातातली कापडाची गठडी खाली पडली. मग दोघी रस्त्याकडेच्या बुटक्या भिंतीवर जाऊन बसल्या. वर्षभराचं साठलेलं होतं. कुणाची सून कशी निघाली, दवाखान्याशेजारचं दुकान कुणी घेतलं, आणि दादा चिखलात कसा बसला होता ते तर आईने अभिनयासकट सांगितलं. दादा हे ऐकून घाईघाईने घरी गेला.

अर्धा तास झाला, तास झाला. सिस्टर शेजारी उभीच.

"तू का उभी गं?" आई म्हणाली. "पहारा देतेस का? जा. मी येईन माझी माझी. शिंपीण आहे सोडायला."

सिस्टर वर निघाली. मधल्या वळणावर पोचल्यावर तिने मागे बघितलं. तिथून रस्ता दिसत नव्हता, आई दिसत नव्हती. वर्षभरात पहिल्यांदाच आई तिच्या नजरेआड होती. ती काळजी वाटायची वाट बघत क्षणभर थांबली. खालून दोन म्हाताऱ्यांच्या खिदळण्याचा आवाज आला.

काळजी काही आली नाही. वर यंत्राशेजारी दादा उभा होता, त्याच्यासोबत शेजारचे निवृत्त मास्तर. मास्तरांना परसात पाणी साठवायला खड्डा हवा होता आणि त्यांचंही फाटक अरुंद होतं.

"मी त्यांना सांगितलंय की उद्या सकाळी येतो," दादा म्हणाला, आणि मग जरा घुटमळून, "म्हणजे, आपण दोघं येतो."

सिस्टरने ग्रीसची पिचकारी उचलून त्याच्या हातात दिली. "मग आधी हे कर. सगळ्या सांध्यांना. प्रेमाने."