फिजीला जाऊन आलेला मल्लखांब

मित्रांनो, व्यायामशाळेच्या मागच्या भिंतीशी जो ओंडका आडवा पडलेला दिसतो, ज्याच्यावर बसून तुम्ही बुटांचे बंद बांधता, तो मी. मी एके काळचा मल्लखांब. तुम्ही माझ्यावर बसता याचं मला दुःख नाही. ज्याचं आहे, ते सांगतो.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी भैरवगढच्या बापूंनी मला घडवलं. कापडावर छापायचे ठसे कोरणारा त्यांचा हात. शिसवीचा एक सरळ सोट त्यांनी निवडला आणि तो बुंध्याशी जाड, वर निमुळता केला. टोकाला बारीक मान काढली, मानेवर गोल बोंड. मग बैलगाडीत घालून मला उज्जैनच्या या व्यायामशाळेत आणलं आणि मातीत पुरलं. मुलं रोज एरंडेल चोळून माझ्यावर चढू लागली.

पायांच्या पकडीवरून मी प्रत्येकाला ओळखत असे. त्यातला माधव सगळ्यांत हलका. त्याला वडील नव्हते. आई मुलींच्या शाळेत शिकवायची, तिला सगळे अक्का म्हणत. माधव बोंडावर पोट टेकवून मयूरासन करायचा तेव्हा बघणारे श्वास रोखून धरत. खाली त्याचा जिवलग मित्र सुधाकर दोन्ही हात पसरून उभा असे. "पडलास तर झेलीन रे," तो म्हणायचा. त्यामुळेच बहुधा माधव कधी पडला नाही.

१९५६ साली फिजीहून बोलावणं आलं. फिजी म्हणजे प्रशांत महासागरातला बेटांचा समूह. उसाच्या मळ्यांवर राबायला नेलेल्या आपल्या लोकांची नातवंडं तिथे शिकत होती. त्यांच्या शाळेने लिहिलं होतं, तुमची मुलं मल्लखांब दाखवतील, इथली मुलं आपले नाच दाखवतील. आठ मुलं निवडली गेली. क्रीडा मंडळाचे भय्यासाहेब संघप्रमुख झाले. मुलांच्या बनियनवर 'मध्य भारत' अशी अक्षरं शिवली गेली.

मुंबईहून बोट, सिडनीला दुसरी बोट. मला गवत भरलेल्या पेटीत, रजईत गुंडाळून ठेवलं होतं. भय्यासाहेब रोज पेटी उघडून बघत. "खांबाला ओरखडा आला तर इज्जत जाईल," असं म्हणत. माधव तापाने फणफणला होता, ते त्यांना तिसऱ्या दिवशी कळलं.

सुवा शहराजवळच्या त्या शाळेत मला मैदानात उभं केलं. पहिले दोन दिवस फार सुखाचे गेले. तिथल्या मूळ रहिवाशांची काळीसावळी, कुरळ्या केसांची मुलंही शाळेत होती, नारळावर सरसर चढणारी. ती माझ्यावरही क्षणात चढली, पण बोंडावर आल्यावर पुढे काय करायचं ते त्यांना कळेना. माधव हसून हसून लोळला. मग त्याने एकेकाचा पाय धरून माझ्याभोवती पायांची अढी घालायला शिकवलं. त्यांनी त्याला ठेक्यावर टाळ्या वाजवायला शिकवलं.

तिसऱ्या दिवशी मुख्य कार्यक्रम होता. एक मोठे गोरे साहेब पाहुणे होते. आधी तिथल्या मुलांचा नाच झाला आणि पाऊस आला. सर थोडी ओसरली, पण थांबली नाही. मी नखशिखांत भिजलो होतो. साहेब घड्याळ बघू लागले.

माधवने मला हात लावला आणि तो मागे वळला. "सर, खांब ओला आहे. पकडच बसत नाहीये."

"पुसून घे अन् चढ. साहेब निघालेत," भय्यासाहेब म्हणाले.

यजमान शाळेचे रामसुमेर गुरुजी पुढे आले. "भैया, बरखा थम जाय, तब चढ़ाओ. लड़का ठीक कहत है."

भय्यासाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "माधव, इतक्या दूर तुला मिरवायला नाही आणलं. डर लागत असेल तर बाजूला हो. सुधाकर चढेल."

माधवने सुधाकरकडे पाहिलं. सुधाकरचा चेहरा पांढरा पडला होता आणि तो दोन पावलं मागे सरकला.  माधवने मला नमस्कार केला आणि तो चढला.

मित्रांनो, मी लाकूड आहे. मला त्याला धरून ठेवता आलं नाही. बोंडावर त्याने अंग तोललं, टाळ्या सुरू झाल्या आणि तो निसटला. खाली हात पसरून कुणी उभं नव्हतं. मला घट्ट बसवायला बुंध्याशी ठोकलेल्या दगडांवर तो पाठीवर आदळला. रडलासुद्धा नाही. एवढंच म्हणाला, "सुध्या, माझे पाय कुठे आहेत?"

डॉक्टरांनी सांगितलं, कमरेखाली आता कधीच हालचाल होणार नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या ओसरीत माझ्या पेटीचंच टेबल करून भय्यासाहेबांनी अहवाल लिहिला. 'मनाई असताना माधवने हौसेखातर ओल्या खांबावर चढून अपघात ओढवून घेतला.' सात मुलांनी सही करायची होती.

"पण सर, तुम्हीच तर..." सुधाकर म्हणाला.

"पुढच्या साली कॅप्टन कोण होणार, सोच जरा," भय्यासाहेब शांतपणे म्हणाले.

सुधाकरने पहिली सही केली. मग बाकीच्यांनी.

आम्ही परतलो तेव्हा नोव्हेंबर संपत आला होता. मध्य भारत राज्यच उरलं नव्हतं, आमचं उज्जैन मध्य प्रदेशात गेलं होतं. अक्कांनी चौकशीसाठी अर्ज केला. उत्तर आलं, दौरा काढणारं मंडळ बरखास्त झालं, नव्या कचेरीला लिहा. नव्या कचेरीने लिहिलं, हे जुन्या राज्याचं प्रकरण आहे.

जानेवारीत या व्यायामशाळेत संघाचा सत्कार झाला. मला झेंडूचा हार घातला. माधवला खुर्चीसकट उचलून आणून पुढे बसवलं होतं. अक्का शेजारी होत्या. भय्यासाहेब बालवर्गाच्या मुलांना म्हणाले, "बच्चांनो, ह्याच्याकडे बघा. मोठ्यांचं न ऐकल्याने काय होतं ते बघून घ्या." लहान मुलं मान उंचावून माधवचे पाय बघू लागली.

"सर, मी सांगितलं होतं खांब ओला आहे," माधव म्हणाला. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

अक्का उठल्या. "सुधाकर, माझ्या घरी जेवलायस तू. काय झालं होतं ते सांग."

सुधाकर नव्या कॅप्टनचा बिल्ला लावून मंचावर उभा होता. खाली बघत तो म्हणाला, "त्याला मस्ती चढली होती, अक्का."

कुणीतरी हसलं. माधव हसणाऱ्याकडे वळला नाही. तो सुधाकरकडेच बघत राहिला. "अक्का, घरी चल," इतकंच म्हणाला. त्यानंतर चार वर्षं तो जगला. सुधाकर एकदाही त्याच्या दारात गेला नाही. हे मला त्यांच्या मागून शिकायला आलेल्या मुलांच्या बोलण्यातून कळलं.

पुढे मला तडा गेला, नवा खांब आला आणि मी इथे आडवा झालो. मला तेल लावा, सावलीत ठेवा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझी काळजी त्या दौऱ्यात पुरेशी घेतली गेली. मी एवढंच मागतो. मित्र वर असेल तर खाली उभे राहा, मागे सरकू नका. आणि त्याला खोटं पाडलं जात असेल, तर बोला. मला तोंड नव्हतं. त्या सातांना होतं.