सालाखालचा ठिपका

मित्रांनो, मी वीस पैशांचं एक जुनं, पिवळंधमक नाणं आहे. माझ्या अंगावर कमळ आहे आणि छापलेल्या सालाखाली मोहरीपेक्षाही बारीक ठिपका. माझा जन्म मुंबईच्या टाकसाळीत झाला. नाणं कुठल्या टाकसाळीतलं ते कळावं, एवढ्यासाठीच तो ठिपका. त्यात दुसरं काही गूढ नाही. हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं, म्हणूनच पुढे घडलं त्याची बोच मला जास्त लागते.

ब्याऐंशी सालच्या हिवाळ्यात मी जळगावात भिकुबाईच्या हाती आलो. ती डोक्यावर टोपली घेऊन मेहरूणची बोरं विकायची. तिने मला इतर चिल्लरीत टाकलं नाही, कनवटीला लावलं. ठिपका असलेल्या कमळाच्या नाण्यात सोनं मिसळलेलं असतं, सरकारने तशी गुपचूप खूण करून ठेवलीय, अशी कुजबुज तेव्हा बाजारात होती. भिकुबाईच्या मुलीचं, कुंदाचं, लग्न ठरलं होतं. घरात सोनं म्हणाल तर भिकुबाईच्या नाकातली फुली, तेवढंच.

रोज रात्री ती मला चिंचेने घासायची. मी लखलखायचो. खरं सांगतो, मला ते आवडायचं! इतकं कौतुक माझं कुणी केलंच नव्हतं.

कुंदा मास्तरणीचं शिक्षण घेत होती. आईच्या आग्रहाखातर ती मला सराफाकडे घेऊन गेली. त्याने मला कसोटीच्या दगडावर घासलं आणि हसून परत दिलं. "ताई, सोनं नाही यात. चार महिने न घासता ठेवा, काळं पडेल. ठिपका टाकसाळीचा आहे."

ती घरी आली तेव्हा भिकुबाई तापाने फणफणली होती. तरी अंथरुणावर उठून बसली.

"काय म्हने सराफ? सोनं शे ना?"

कुंदाने आईच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि तिचा धीर सुटला. "शे, माय. थोडंच शे," ती म्हणाली. ताप उतरला की खरं सांगू, असं तिने ठरवलं होतं. ताप उतरला, पण सांगायचं राहून गेलं. एका लहानशा गोष्टीसाठी आईला कशाला दुखवायचं, असं तिला वाटलं असावं.

महिन्याभराने सोनगीरचा अभिमन सायकलवर तांब्या-पितळेची भांडी विकायला आला. त्याच्याकडे मोडीत आलेल्या कमळाच्या नाण्यांचा डबा होता. भिकुबाईने डबा मागितला आणि बदल्यात नाकातली फुली काढून पुढे धरली.

अभिमन चपापला. "मावशी, हाई पितळ शे."

"मन्ही पोरनी सराफले दखाडं शे. मन्ही पोर खोटं बोलस नही. बठ्ठा डबा दी टाक."

त्याने एकदा फुलीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग सगळा डबा देऊन टाकला. मी तिच्या कनवटीला होतो. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण मी फक्त चमकत राहिलो.

संध्याकाळी कुंदा घरी आली. चाळीस नाणी ताटात मांडून भिकुबाई बसली होती. नाकाच्या छेदात तिने कडुनिंबाची काडी घातली होती.

"माय, फुली कुठे शे?"

"दी टाकी. हाई बठ्ठं तुन्हा लगननं सोनं." भिकुबाई हसली आणि तिने काडी हलकेच फिरवली. "छेद बुजाले नको. मले बी त्यामातलंच सोनं घालनं शे."

कुंदाने ताट उचलून फळीवर ठेवलं. खरं काय ते तिने सांगितलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. लग्नात काळ्या मण्यांवर भागलं. "हाई सोनं आटवनारा चांगला सराफ भेटू दे," असं भिकुबाई सगळ्यांना सांगत राहिली.

मित्रांनो, जुन्या वस्तू घासूनपुसून जपा, असं तुम्हाला नेहमी सांगतात. माझी विनंती उलटी आहे. दर दिवाळीला भिकुबाई आम्हा एक्केचाळीस जणांना चिंचेने घासते. तिच्या नाकात अजून ती काडी आहे. कुणीतरी तिच्या हातातली चिंच काढून घ्या. मला काळं पडू द्या.