नव्वद पौंड हवा

भांडारसाहेबांनी जन्मात सायकल चालवली नव्हती, म्हणूनच बहुतेक सायकलींची खरेदी त्यांच्याकडे होती. रक्त तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत असल्या हुशारीला तोटा नव्हता. नमुने आणायच्या सायकलींना त्यांनी बारीक, गुळगुळीत टायर घेतले, कारण शर्यतीतल्या सायकलींना तसेच असतात. टायरच्या कडेला 'कमाल नव्वद पौंड' असं छापलं होतं. कमाल म्हणजे याहून जास्त नको, एवढं तरी कळावं! साहेबांनी त्यातला नव्वद तेवढा उचलला आणि हुकूम काढला. हवा नव्वदच हवी. जाताना-येताना फाटकात मीटर लावून तपासणी, वहीत आकडा, खाली सही.

थोरलीने पहिल्याच आठवड्यात सांगून पाहिलं होतं. ती आणि तिची धाकटी जाऊ, दोघी याच कामावर होत्या. लांबच्या दवाखान्यांतून रक्ताच्या नळ्या आणायच्या, एकाच रस्त्याने. थोरलीने सकाळी, धाकटीने दुपारी.

"साहेब, अर्धा रस्ता खडीचा आहे. जाड, नक्षीचे टायर द्या, वर्षभर टिकतील. आणि हवा पन्नासच्या आसपास ठेवू द्या. असल्या टणक टायरवर रक्त घुसळून निघतं."

"बाई, घट्ट टायर जोरात पळतो. हे शास्त्र आहे."

शास्त्र म्हणे! थोरलीला हसू आवरेना. या माणसाला समजावणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, आणि डोकं तिचं स्वतःचं होतं. तिने वाद सोडून दिला.

डांबर संपलं की ती खाली उतरायची आणि हवा सोडायची. मागच्या चाकावर वजन जास्त, म्हणून तिथे साठ, पुढे पन्नास. याहून कमी केली तर बारीक टायर खड्ड्यात दबतो आणि रिमखाली ट्यूब चिरते, हे तिला ठाऊक होतं. परतताना फाटकाअलीकडच्या वळणावर पिशवीतला पंप काढून ती पुन्हा नव्वद भरायची. साहेब मीटर लावून मान डोलवायचे, आणि सही करताना थोरली मनातल्या मनात त्यांची अक्कल काढायची. त्यात तिला भारी मजा यायची.

धाकटीला तिने यातलं काही सांगितलं नाही. धाकटीच्या पोटात काही राहायचं नाही, आणि हुकूम म्हटला की ती मान खाली घालून पाळायची. असल्या गरीब गाईला काय शिकवायचं, असं थोरलीचं मत होतं.

धाकटीचे नमुने नासून यायला लागले. रक्तपेशी फुटल्या की नळी फेकून द्यावी लागते आणि रोग्याला पुन्हा सुई टोचावी लागते. तीन महिन्यांत दवाखान्यांनी ओरड केली. साहेबांनी दोघींना बोलावलं आणि वही उघडली.

"टायर तेच, हवा तीच, रस्ता तोच. थोरल्या बाईंचं रक्त ठणठणीत येतं. म्हणजे दोष चालवणारीत." ते धाकटीकडे वळले. "उद्यापासून तुम्ही येऊ नका."

थोरली पुढे झाली. "साहेब, मी वाटेत हवा सोडते! खडीवर साठ-पन्नास करते आणि परतताना भरते. म्हणून माझं रक्त चांगलं राहतं."

साहेबांनी वही तिच्यापुढे सरकवली. "या सह्या कुणाच्या? रोज नव्वद. जावेसाठी खोटं बोलताय, कौतुक आहे तुमचं."

"आत्ता चला खडीवर. दाखवते."

"पुरावा वहीत आहे, बाई. खडीवर नाही."

बाहेर येऊन धाकटीने आपली सायकल भिंतीला लावली, कुलूप घातलं.

"तीन महिने तुम्हाला माहीत होतं, जाऊबाई? मला का नाही सांगितलंत?"

थोरलीला थाप मारता आली असती. तिने मारली नाही. "मूर्ख समजत होते तुला."

"आणि साहेबांना?"

"त्यांनाही."

धाकटीने किल्ली तिच्या हातात ठेवली. "आम्हा दोघांना निदान माहीत नव्हतं," ती म्हणाली आणि चालत घरी निघाली.